पहिली चोवीस पानं

जुळारी मजकूर वाचत नाही, असं सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. पण असतं तसंच. समोर हस्तलिखित असतं, डाव्या हातात ओळ धरायची स्टिक असते आणि उजवा हात खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या, घरांतून आपोआप फिरत असतो. डोळा शब्द बघतो, हात अक्षर उचलतो, काना, मात्रा, वेलांटी लावतो. मध्ये डोक्याला काही काम पडत नाही. अलिबागला हरेश्वर चौलकरांच्या छापखान्यात मी अकरा वर्षं हे करत होतो. कोर्टाची समन्सं, मतदारांच्या याद्या, लग्नपत्रिका, तेराव्याची पत्रं, सगळं या हातांनी जुळवलं. संध्याकाळी कुणी विचारलं असतं की हिरामण, आज काय जुळवलंस, तर मला सांगता आलं नसतं. मला ते बरं वाटायचं.

बासष्ट साली दिवाळी झाली आणि आमच्याकडे कादंबरी आली. छापखान्यात आलेलं पहिलंच पुस्तक. लिहिणारे बाळाजी टिपणीस. राहणार चौलचे, वडिलार्जित सुपारीची वाडी होती त्यांची, पण नोकरी सगळी बाहेर केलेली. ते वेड्यांच्या इस्पितळात स्टोअरकीपर होते. वर्षापूर्वी पेन्शनीत आले आणि घरी बसून त्यांनी त्या इस्पितळावरच कादंबरी लिहिली. मुंबईला कुणी छापायला घेतली नाही, म्हणून स्वतःच छापून घेत होते. चौलहून एसटीनं आले, कापडात बांधलेला गठ्ठा मालकांच्या टेबलावर ठेवला आणि त्यावरून एकदा हात फिरवला.

"आमच्याकडे हा हिरामण आहे," मालक म्हणाले. "याच्या हातचं काम एकदम साफ."

"कुठलं इस्पितळ?" मी विचारलं.

टिपणीसांनी नाव सांगितलं. मी बरं म्हणालो आणि गठ्ठा उचलला.

माझी बायको ठमा त्याच इस्पितळात होती. सात वर्षं झाली होती.

आमचं गाव पालीपासून दोन कोसांवर. भाताची थोडी जमीन, एक म्हैस, घरात आई. मी सातवी झालो आणि अलिबागला छापखान्यात लागलो. ठमा गावीच आईजवळ राहायची. पंचावन्न सालच्या श्रावणात आम्हाला मुलगी झाली. अकरा दिवस जगली. मी बाराव्या दिवशी पोचलो. ठमा तेव्हा रडत नव्हती, बोलत नव्हती, जेवायला वाढलं तर ताटाकडे बघत बसायची. बाळंतिणीचं असं होतं, म्हणून आईनं सोडून दिलं. मीही परत कामावर आलो. मग भाद्रपदात एक दिवस ती विळा घेऊन शेतात गेली आणि भात कापायला लागली. भात हिरवं होतं, कणीस अजून पोटरीतच होतं, बाहेर पडलं नव्हतं. लोकांनी बघेपर्यंत तिनं अर्धं शेत आडवं केलं होतं आणि पेंढ्या बांधून बांधावर नीट रचल्या होत्या. हातातला विळा काढायला तिघं लागले.

पालीच्या डॉक्टरांची चिठ्ठी झाली, कचेरीतला कागद झाला. मी आणि तिचा भाऊ कोंडाजी, आम्ही दोघांनी तिला पोचवली. नंतर मी तीनदा भेटायला गेलो. पहिल्यांदा ती आईबद्दल काहीतरी बोलली. दुसऱ्यांदा नुसती बसली. तिसऱ्यांदा ती बोलली नाही, मीही बोललो नाही, आणि वेळ संपल्याची वर्दी आल्यावर मला सुटल्यासारखं झालं. मग पावसाळा लागला, रेवसहून मुंबईला जाणारी लाँच बंद झाली. पावसाळा संपला, लाँच सुरू झाली, मी गेलो नाही. का गेलो नाही, हे मला कुणी विचारलं नाही. अठ्ठावन्न साली आई वारली, गावचं घर बंद झालं. अलिबागला मी सांगून ठेवलं होतं, बायको माहेरी असते. पुढे कुणी त्याचीही चौकशी करत नसे.

तर मी कादंबरी जुळवायला घेतली.

आमच्याकडे खिळे एका वेळी आठ पानांपुरतेच, म्हणजे एका फर्म्यापुरतेच. आठ पानं जुळवायची, प्रूफ काढायचं, दुरुस्त्या करायच्या, छापायची, खिळे सोडवून परत घरांत टाकायचे आणि मग पुढची आठ. त्यामुळे ती कादंबरी माझ्यापुढे अगदी सावकाश आली. पहिल्या पानावर इस्पितळाचं फाटक होतं. काळं, राक्षसासारखं उंच, असं लिहिलं होतं. दुसऱ्या पानावर नवीन आलेल्या बाईचे केस कापले. तिसऱ्या पानावर रात्र, चंद्र, आणि कोठडीतून ओरडणं. टिपणीसांना चंद्र फार आवडायचा. अनुस्वारांचे नवे नियम नुकतेच आले होते, त्यांचं लिखाण जुन्या वळणाचं, तेव्हा डोक्यावरचे नको असलेले अनुस्वार गाळत गाळत मी चाललो होतो. चौथ्या दिवशी 'ड' संपला. वेडी, वेडा, रडणं, ओरडणं, कडी, दगडी भिंत. एवढे 'ड' कुठल्याच मतदारयादीत लागत नाहीत. मालकांनी ओळखीच्या छापखान्यातून मूठभर आणून दिले.

"कशी काय वाटते?" मालकांनी विचारलं.

"ड फार आहेत."

"अरे, गोष्ट कशी वाटते?"

"आत्ताशी सहावं पान आहे," मी म्हणालो.

खरं म्हणजे मला काही वाटत नव्हतं. मी स्वतःलाच तपासून बघत होतो, जसं दुखऱ्या दाताला जीभ लावून बघतात. तिथल्या बायका, तिथल्या भिंती, तिथलं जेवण, मी एकेक अक्षर उचलत होतो आणि आत कुठे काही हलत नव्हतं. दुपारी डबा खायचो, संध्याकाळी समुद्रावर जाऊन उभा राहायचो, खोलीवर येऊन भात करून झोपायचो.

दुसऱ्या आठ पानांत काशी आली. ही कादंबरीतली मुख्य बाई. कोकणातली, नवऱ्यानं टाकलेली. भेटीच्या दिवशी ती केसांना तेल लावून, वेणी घालून फणसाखालच्या बाकावर बसायची. बाकीच्यांची माणसं यायची, पुड्या सोडायची, रडून घ्यायची, जायची. काशीचं कुणी यायचं नाही. फाटक बंद होईपर्यंत ती बाकावरून उठायची नाही. तिला उठवायला आया यायची तेव्हा काशी म्हणायची, लाँच चुकली असेल. दीड पान होतं ते सगळं. मी ते एका सकाळीत जुळवलं, बांधलं, प्रूफ काढून मालकांच्या टेबलावर ठेवलं आणि लग्नपत्रिकेच्या कामाला लागलो.

दोन दिवसांनी टिपणीस प्रूफ बघायला आले. चष्मा लावून मालकांच्या खुर्चीत बसले. बराच वेळ त्यांच्या पेन्सिलीचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"हिरामण, जरा इकडे या," ते म्हणाले.

मी गेलो. त्यांनी अकराव्या पानावर बोट ठेवलं.

"ही ठमा कोण?"

मी बघितलं. 'ठमा बाकावर बसून राही.' खाली आणखी दोन ठिकाणी 'ठमा'. पुढच्या पानाच्या पहिल्या ओळीत पुन्हा. सगळी मिळून चार. बाकी प्रूफात एक चूक नव्हती.

"काशीच्या जागी ठमा कशी होईल? दोन्ही शब्दांत एक अक्षर सारखं नाही," मालक म्हणाले. त्यांना लाज वाटत होती, माझी तारीफ केल्याची.

"दुरुस्त करतो," मी म्हणालो.

टिपणीस माझ्याकडे बघत होते. मालक बाहेर गिऱ्हाइकाशी बोलायला गेले तेव्हा ते हळूच म्हणाले, "तुमचं कुणी होतं का तिथं?"

मी विचारलं, "ही काशी खरी आहे का?"

"नाही हो. तिघी-चौघी बायका एकत्र करून केलीय. एकीचे केस, एकीचं बोलणं. असंच करतात." त्यांनी चष्मा काढून पुसला. "ठमा नावाची एक होती. सुधागडकडची, पालीच्या बाजूची. माझ्या स्टोअरमध्ये कामाला यायची. लुगड्यांवर, चादरींवर वॉर्डाचे नंबर घालायची, लाल दोऱ्यानं. असा टाका मी कुणाचा पाहिला नाही."

"होती?"

"म्हणजे असेल. मी निघालो तेव्हा होती. चांगली बरी होती ती. दोन-तीन वर्षं झाली होती बरी होऊन." मग पुढचं त्यांनी आणखी खालच्या आवाजात सांगितलं. "न्यायला कुणी येत नव्हतं. माणसाच्या सहीशिवाय सोडत नाहीत."

मी प्रूफ उचललं आणि जागेवर येऊन चिमट्यानं 'ठ' आणि 'मा' काढले, 'का' आणि 'शी' बसवले. चारही ठिकाणी. ती आठ पानं छापून झाली. खिळे सोडवले. पुढची आठ जुळवायला घेतली. लोकांना वाटेल मी त्याच दिवशी धावत सुटलो असेन. मला आठ दिवस लागले. तिसरा फर्मा पूर्ण जुळवला, प्रूफ काढलं आणि मग मालकांकडे रजा मागितली.

"बायकोला आणायचंय माहेरून," मी म्हणालो.

"बरं झालं," मालक म्हणाले. "माणूस एकटा राहिला की असल्या चुका होतात."

रेवसहून लाँचनं भाऊच्या धक्क्याला उतरलो, तिथून पुढे आगगाडीनं. इस्पितळाचं फाटक हिरव्या रंगाचं होतं, माझ्या छातीएवढं. मी ते पूर्वी चारदा बघितलं होतं तरी मला ते आठवत नव्हतं. डोक्यात टिपणीसांचं काळं फाटक बसलं होतं. आत फणस नव्हता. चिंच होती, आणि चिंचेखाली एक बकरी नोटिशीचा कागद खात होती.

कारकुनानं रजिस्टर काढलं.

"नाव?"

"ठमाबाई हिरामण."

"तुमचं नातं?"

"नवरा."

त्यानं मान वर करून एकदा बघितलं आणि लिहून घेतलं. मग मला डॉक्टरांसमोर बसवलं. ते वयानं माझ्याहून लहान होते. "तुमच्या गावच्या पत्त्यावर तीन पत्रं गेली," ते म्हणाले. "तिन्ही परत आली. घर बंद, असा शेरा."

"मी अलिबागला असतो."

"तो पत्ता आमच्याकडे नाही."

"मी दिला नव्हता," मी म्हणालो.

डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. मी वाचून सही केली. तो कागद चांगला छापलेला होता, ओळी सरळ होत्या.

ठमाला बोलावून आणलं. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. अंग भरलं होतं. ती दारात उभी राहिली आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली, जसं आपण दुकानात ठेवलेल्या वस्तूकडे बघतो.

"आलात," ती म्हणाली.

"व्हय."

"सासूबाई?"

"गेली. चार वर्सं झाली."

तिनं मान हलवली. "आनि म्हस?"

"म्हस इकली."

"तुज्याशी बोलायला..." असं काहीतरी मी सुरू केलं. ती म्हणाली, "दोन चादरी ऱ्हायल्यात. नंबर टाकून येते." आणि गेली. मी अर्धा-पाऊण तास चिंचेखाली बसलो. ती आली तेव्हा काखेत एक लहान बोचकं होतं. फाटकातून बाहेर पडताना तिनं मागे वळून पाहिलं नाही. लाँचवर ती कडेला बसली, पाण्याकडे तोंड करून. मी तिच्यासाठी चणे घेतले. तिनं ओंजळ पुढे केली, खाल्ले, पुन्हा ओंजळ पुढे केली. रेवसला उतरलो तेव्हा ऊन होतं.

माझी खोली एकच, पुढे ओटी, मागे चुलीपुरती पडवी. पहिले काही दिवस ती सकाळी पाचला उठून अंथरुणाची घडी करून भिंतीपाशी उभी राहायची. जेवणाच्या वेळी ताटली हातात घेऊन उभी राहायची. मी म्हणायचो, "बस." मग बसायची. स्वयंपाक येत होता, विसरली नव्हती, पण कुणीतरी सांगितल्याशिवाय चूल पेटवायची नाही. दाराला कडी लावलेली नसली तरी उंबऱ्याबाहेर जायची नाही. शेजारच्या कृष्णाबाई विचारायला आल्या, "माहेरी सगळी बरी आहेत ना?" ठमानं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. "बरी हायेत," ठमा म्हणाली.

मी तिला कधी विचारलं नाही, तिथं कसं होतं. तिनंही मला विचारलं नाही की तुम्ही का आला नाहीत. आम्ही मासे, मीठ, सरपण एवढंच बोलत होतो. मला त्यात काही चमत्कारिक वाटत नव्हतं. दोन माणसं एका खोलीत गप्प राहू शकतात.

तिसऱ्या फर्म्याचं प्रूफ मी एका रविवारी घरी आणलं, दुरुस्त्या करायला. सोबत छापलेले पहिले दोन फर्मे होते, मिळवून बघण्यासाठी. ठमा ओटीवर तांदूळ निवडत होती.

"ह्ये काय?" तिनं विचारलं. घरी आल्यापासून तिनं आपणहून विचारलेली ही पहिलीच गोष्ट.

"कादंबरी हाय. गोष्ट. तिथलीच." मला पुढे काय बोलावं कळेना. "टिपणीसांनी लिवलीय."

"स्टोरवाले टिपणीस?"

"व्हय."

तिनं सूप बाजूला ठेवलं. "वाचा," ती म्हणाली.

मी पहिल्या पानापासून वाचायला लागलो. मोठ्यानं वाचायची सवय नव्हती. सुरुवातीला सगळं एकाच सुरात येत होतं, समन्स वाचल्यासारखं. फाटक झालं. केस कापणं झालं. चंद्र आला, ओरडणं आलं.

"असं न्हाय," ठमा म्हणाली.

"काय न्हाय?"

"इतकं कोन वरडत नव्हतं. एक व्हती, ती वरडायची. बाकी सगळ्या गप. दुपारला तर निस्ता कावळ्यांचा आवाज. आनि चांद कुठनं दिसनार? खिडकी उंच व्हती."

"पुढं वाचू?"

"वाचा."

जेवणाचं वर्णन आलं. तिथं टिपणीसांनी लिहिलं होतं की भातात किडे असत. ठमा म्हणाली, भात बरा असायचा, पातळ असायचा एवढंच, आणि सणाला गूळ मिळायचा. आयाचं वर्णन आलं. तिला टिपणीसांनी कैदाशीण केलं होतं. ठमा हसली. सात वर्षांनी मी तिला हसताना बघत होतो आणि ते इतकं थोडं होतं की मला आधी खोकल्यासारखं वाटलं. "ती बिचारी झोपाळू," ती म्हणाली. "आमीच तिला उठवायचो."

अकरावं पान आलं. मी थांबलो. दीड पान गाळता आलं असतं, तिला वाचता येत नव्हतं. पण मी वाचलं. तेल, वेणी, बाक, फणस. पुड्या घेऊन आलेली माणसं. लाँच चुकली असेल. वाचताना मी मान वर केली नाही. पहिल्यांदाच माझा आवाज बसला आणि ओळ पुन्हा वाचावी लागली. जुळवताना झालं नव्हतं ते आता झालं.

वाचून संपलं. ठमा पायावरची मुंगी झटकत होती.

"ही काशी कोन?" तिनं विचारलं.

"कुनी न्हाय. मनानं लिवलीय. तीनचार बायांची मिळून."

"कुठच्या बाया?"

"तू... तुजं बी हाय म्हनत व्हते. थोडं."

ती म्हणाली, "मी बाकावर दोनदा बसले. तुमी येनार म्हनून. पैल्या सालाला. मग न्हाय बसले."

"मग?"

"मग स्टोरात काम लागलं. भेटीच्या दिसाला उलट बरं असायचं, सगळ्या भायेर, आत कुनी नसायचं. निवांत टाके व्हायचे."

मला वाटलं, ती मुद्दाम टोचून बोलते आहे. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. तसं काही नव्हतं. कुणी विचारलं की रस्ता कुठे जातो, आणि आपण सांगतो, तसं ती सांगत होती.

"म्हंजे तू वाट बघत नव्हतीस?"

"पैल्यांदा बघितली. मग इसरले." तिनं सूप पुन्हा पुढे ओढलं. "तुमाला काय वाटलं?"

आठ दिवस मी जे मनात घेऊन फिरलो होतो, लाँचवर बसलो होतो, सही केली होती, ते सगळं त्या बाकावर बसलेल्या बाईसाठी होतं. ती बाई टिपणीसांची होती. माझी बायको तेव्हा आत बसून लाल दोऱ्यानं नंबर घालत होती आणि तिला बरं वाटत होतं. मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. मी उरलेली पानं वाचली. चोविसाव्या पानापर्यंत.

"पुढं हाय अजून," मी म्हणालो. "दोनशे पानं व्हतील."

"नको," ठमा म्हणाली. "पुढचं तुमी छापा."

सोमवारी टिपणीस प्रूफ न्यायला आले. मी त्यांना सांगितलं की बायकोला आणली. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, त्यांचे डोळे भरून आले. माणूस चांगला होता. मग मी म्हणालो, "ती बाकावर बसत नव्हती. दोनदाच बसली."

"हो का?" ते म्हणाले. त्यांनी खाली बघितलं. "पण बसली नाही असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काय वाटणार, हिरामण?"

"ते मला सांगता यायचं नाही."

"आणि तो फर्मा छापूनही झाला."

"झाला," मी म्हणालो.

पुढची पानं मी होळीपर्यंत जुळवली. काशीचं शेवटी काय होतं ते मला ठाऊक आहे, पण ते ठमाला मी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. पाचशे प्रती निघाल्या. टिपणीसांनी एक प्रत आम्हाला दिली, आतल्या पानावर दोघांची नावं घालून. वर्तमानपत्रात कुणीतरी लिहिलं की काशीच्या प्रतीक्षेचा प्रसंग वाचून डोळे ओलावतात. मालकांनी ते कात्रण छापखान्याच्या भिंतीला लावलं.

चैत्रात एका दुपारी मी जेवायला घरी आलो. ठमा पडवीत बांगडे साफ करत बसली होती. तोपर्यंत ती शेजारणीबरोबर बाजारात जाऊ लागली होती, चूल न सांगता पेटवत होती. भिंतीपाशी उभं राहणं मात्र अजून पूर्ण गेलं नव्हतं. मी हातपाय धुतले आणि तिच्यामागे उभा राहिलो. आधी काही ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

"मी यायला पायजे व्हतं."

तिचे हात थांबले नाहीत. तिनं बांगड्याचं पोट फाडलं, आतलं काढून टाकलं, पाण्यात बुचकळून मासा परातीत ठेवला.

"व्हय," ती म्हणाली.

मी तिथंच उभा होतो. तिनं आणखी एक मासा साफ केला. कावळा भिंतीवर येऊन बसला होता, त्याला हातानं हाकललं.

"आज काय छापलंत?" तिनं विचारलं.

"आंब्याच्या पेट्यांची लेबलं."

"आंबे आले?"

"आले. बाजारात हायेत."

ती मागे वळली. तिच्या हाताला मनगटापर्यंत खवले चिकटले होते. "मग आना की दोन," ती म्हणाली. "कवाधरनं खाल्ला न्हाय."

मी चपला घातल्या आणि बाजाराच्या वाटेला लागलो.